रफू नसलेला झगा

रफूवालीचा राग तिच्या रफूसारखाच होता, वरून कुणाला दिसायचा नाही. तीस वर्षं तिने तो असा बेमालूम जिरवला होता की आपल्याला राग आहे हे ती स्वतःही विसरून गेली होती. तो वर आला संग्रहालयात, आणि तिथेही आधी तोंड उघडलं ते तिच्या नणंदेने, तिकीट-खिडकीपाशी.

"एका माणसाचे एवढे?" नणंद म्हणाली. "आत राजा स्वतः भेटतो की काय?"

नणंदेचा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे तिकिटं विकण्यात गेला होता. त्यामुळे खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची वेळ आली की ती जरा चढ्या आवाजातच बोले. आतल्या मुलीने न चिडता समजावलं. साध्या तिकिटात खालचा मजला, म्हणजे मडकी, नाणी आणि तलवारी. झग्याचं दालन वेगळं, त्याचं तिकीट वेगळं, आणि ते साध्याच्या दुप्पट. वर्षाचं कार्ड घेतलं तर मात्र सगळं त्यातच.

"चार वेळा आलात की पैसे वसूल, आजी."

"चार वेळा येऊन काय बघू? झगा दर खेपेला रंग बदलतो?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलीलाही हसू आवरेना. "नेहमी येणाऱ्यांना स्वस्त पडतं, कधीतरी येणाऱ्यांना महाग. नियमच तसा आहे, मी काय करू?"

"म्हणजे जो पोटाला चिमटा काढून दहा वर्षांतून एकदा येतो, त्याचाच खिसा कापायचा. छान आहे हं न्याय!"

रफूवालीने मुकाट्याने पाकीट उघडलं, एकेक नोट नाकाजवळ धरून ओळखली आणि खिडकीतून आत सरकवली. तिच्या डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळायचा. उजव्याला माणसं दिसायची, दारं-खिडक्या दिसायच्या, पण बारीक काही दिसायचं नाही. सात वर्षांपूर्वी तिने सुई खाली ठेवली ती कायमचीच. उरलेली नजरही फार दिवसांची सोबती नाही, असं डॉक्टरांनी मागच्या महिन्यात स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तर ती आली होती. नणंदेला वाटत होतं की वाढदिवसाला वहिनीने आपल्याला फिरायला आणलंय. खरी गोष्ट अशी की त्या झग्याच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या चार बोटं खाली, तळहाताएवढं कापड रफूवालीच्या हातचं होतं, आणि ते तिला डोळे जाण्याआधी एकदा बघायचं होतं.

झग्याच्या दालनात एका वेळी पंधरा माणसं सोडत, तीही तीन मिनिटांसाठी. आत अंधूक उजेड, गार हवा, आणि मधोमध काचेच्या पेटीत तो काळसर निळा रेशमी झगा, पाठ लोकांकडे करून टांगलेला. छतातून कुणाचा तरी भारदस्त आवाज येऊ लागला. तीनशे वर्षांपूर्वी हे कापड विणलं गेलं, तेव्हापासून आजतागायत दुरुस्तीची सुई त्याला शिवलेली नाही. ना ठिगळ, ना सांधा, ना रफू. जगाच्या पाठीवर असा अखंड झगा दुसरा नाही.

रफूवाली काचेला नाक लावून उभी होती. तुम्हाला वाटेल, हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली असेल. तसं झालं नाही, तिला चक्क आनंद झाला. इतक्या विद्वानांनी इतक्या भिंगांतून हा झगा तपासला असणार, आणि एकाच्याही नजरेला तिचं काम पडलं नाही! रफूचं काम तिला मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शिकवलं होतं. मामंजी म्हणायचे, रफू दिसला की रफूवाला मेला. त्या हिशेबाने ती तीस वर्षं ठणठणीत जिवंत होती.

तेवढ्यात बाजूच्या दारातून संचालक पाच-सहा पाहुण्यांना घेऊन आत आले. चेहरा तिला ओळखू येणं शक्य नव्हतं, पण आवाज तिने पहिल्याच शब्दाला ओळखला. तीस वर्षांपूर्वी याच आवाजाने तिच्या दुकानात येऊन गयावया केली होती.

"साहेब," ती पुढे होऊन म्हणाली, "ओळखलंत का? मी तळघरातली रफूवाली."

संचालकांचं वाक्य मधेच तुटलं. एक श्वास जाईल एवढा वेळ ते गप्प राहिले, आणि तेवढ्यावरून तिला कळलं की ओळख पटलेली आहे. मग ते म्हणाले, "मावशी, तीन मिनिटं झाली तुमची. पुढे सरका." आणि पाहुण्यांकडे वळून, आवाज फारसा न उतरवता, "हे कधीतरी उगवणारे लोक. भावावरून खिडकीशी भांडतात, आणि आत आले की मोल कळत नाही ते नाहीच. यांच्यासाठी का आपण संग्रहालय चालवायचं?"

पाहुणे हसले. नणंद तोंड उघडणार, तोच रफूवालीने तिचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. दालनाबाहेरच्या बाकावर बसेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

"वहिनी, अगं हात! कोण होता तो मेला?"

तीस वर्षं जे ओठाबाहेर गेलं नव्हतं ते रफूवालीने त्या बाकावर बसून नणंदेला सांगितलं. तेव्हा हा संचालक कोठीतला साधा मदतनीस होता, नोकरीवर कायमही झाला नव्हता. झग्याचे फोटो काढताना त्याच्या हातून तापलेला दिवा झग्याच्या पाठीवर पडला आणि तळहाताएवढं भोक पडलं. वरच्यांना कळायच्या आत तो धावत दुकानात आला. ताई, माझी बायको बाळंतपणाला गेलीय, नोकरी गेली तर मी विहीर जवळ करीन. मामंजी म्हणाले, जा गं पोरी, माणूस वाचतोय. त्याच्या साहेबाची मोठी रजा होती. एक्केचाळीस दिवस ती रोज सकाळी मागच्या दाराने तळघरात उतरायची आणि संध्याकाळी वर यायची. रफूला धागा त्याच कपड्याचा लागतो, म्हणून झग्याच्या खालच्या दुमडीतून एकेक धागा सोडवायचा आणि भोकावर एक उभा, एक आडवा असा विणत जायचं. गडद कापडावर गडद धागा, वर एकच बल्ब. चौतिसाव्या दिवशी डाव्या डोळ्यापुढे पहिल्यांदा ठिपके नाचले. काम संपलं तेव्हा त्याने तिचे पाय धरले होते.

"पैसे बुडवले का त्याने?" नणंदेने विचारलं. तिचा पहिला प्रश्न नेहमी हाच असे.

"चोख दिले. पैशाचं नाही, वन्सं. मी म्हटलं होतं, तुझी नोकरी पक्की होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. तो म्हणाला होता, नोकरी पक्की झाली की तुमचं नाव झग्याच्या नोंदवहीत मी स्वतः लिहीन. सगळ्यांना सांगेन."

"आणि आता तो म्हणतो रफूच नाही! गरज सरो, वैद्य मरो." नणंद उठून उभी राहिली. "बाबांनी शिकवलेलं काम ते. चल, आत्ताच्या आत्ता त्याची गचांडी धरते."

"गचांडी नको," रफूवाली म्हणाली. "मला त्याच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकायचंय. की रफू आहे, आणि तो हिने केला."

तिला हवं होतं ते एवढंच. ते मिळण्याची वाट संचालकांनी स्वतःच उघडून ठेवली होती. तिकिटं महाग केली तेव्हा गावात बरीच कुरकूर झाली होती, एका वर्तमानपत्राने 'कधीमधी जाणाऱ्यांनी काय पाप केलं?' असं विचारलं होतं. तेव्हा लोकांचं तोंड बंद करायला संचालकांनी खिडकीवर मोठी पाटी लावली होती: दालनात सांगितलं आहे तसं दिसलं नाही, तर प्रत्येकाच्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत. नणंदेने येताना ती दोनदा वाचली होती.

अर्ज नणंदेने लिहिला. पोस्टात जन्म काढलेल्या बाईला अर्ज कसा लिहायचा हे कुणी शिकवायची गरज नव्हती. झग्यावर रफू आहे, दालनात नाही म्हणून सांगतात, तरी आमचे आणि आजवर आलेल्या सर्वांचे पैसे परत करावेत. पोच घेऊन रजिस्टर पत्र गेलं. आठ दिवसांनी जाडजूड पाकीट आलं. आत तक्रारीबद्दल अवाक्षर नाही, फक्त दोन वर्षांची दोन मानाची कार्डं, दोघींच्या नावाची, सोनेरी काठाची.

नणंदेने कार्ड उजेडात धरलं. "वहिनी, यात उपाहारगृहात सूटही आहे गं."

"वन्सं!"

"नाही, मी आपलं वाचून दाखवलं."

कार्डं परत गेली, आणि अर्जाची दुसरी प्रत विश्वस्तांच्या अध्यक्षबाईंना गेली. या अध्यक्षबाई न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्या, नव्यानेच नेमलेल्या, आणि फुकट सह्या न करण्याबद्दल बदनाम. त्यांनी सोमवारी, संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी, सुनावणी लावली. घोडामैदान जवळ आलं होतं.

आदल्या दिवशी नणंदेच्या मनात पाल चुकचुकली. "अगं, पण सगळ्यांसमोर रफू दाखवायचा म्हणजे... बाबा काय म्हणायचे?"

"माहीत आहे मला."

"दिसला की मेला. मग तू दाखवणार कसा? हात दाखवून अवलक्षण!"

रफूवालीच्या डोक्यात तेच चाललं होतं. रफू दाखवला नाही तर ती खोटी, आणि दाखवला तर तिचं काम खोटं. दाखवावा लागूच नये, त्याने आपणहून कबूल करावं, अशी तिला आशा होती. माणूस सुडाला निघाला तरी असली वेडी आशा बाळगतोच.

सोमवारी दालनातले सगळे दिवे लावले होते. झगा पेटीतून काढून लांब टेबलावर पांढऱ्या कापडावर पालथा पसरला होता. अध्यक्षबाई, दोन कापडतज्ज्ञ, एक बातमीदार, संचालक आणि या दोघी, एवढीच माणसं.

"तक्रार करणाऱ्या बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही या संग्रहालयात किती वेळा आलात?"

"तिकीट काढून एकदाच."

संचालक लगेच म्हणाले, "बघा. जन्मात एकदा. आणि मागणी काय, तर सगळ्या जगाचे पैसे परत करा."

"एकदा येणाऱ्याचा हक्क कमी असतो का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कमी कशाने?" रफूवालीच बोलली. "रोज येणाऱ्याला आज नाही तर उद्या. एकदाच येणारा सगळं त्याच दिवशी डोळ्यांत भरून नेतो बाई, जन्माला पुरवायला. त्याला खोटं दाखवलं तर ते जन्मभर खोटंच राहतं. त्याच्याकडून जास्त पैसे घेता तर घ्या, पण मग खरं तरी दाखवा."

बातमीदाराने हे लिहून घेतलं. अध्यक्षबाईंनी संचालकांना विचारलं, "या झग्यावर कधी काही काम झालं आहे का?"

हो म्हण, रफूवाली मनात म्हणाली, एकदा हो म्हण, मी पैसेही मागणार नाही.

"कधीही नाही," संचालक म्हणाले.

तज्ज्ञांनी भिंगं लावली. तासभर ते झग्याच्या पाठीवर ओणवे होते. उभे धागे मोजले, आडवे धागे मोजले, कापडाखाली दिवा धरला. रफूवालीने खालची दुमड उलटून बघा म्हणून सुचवलं. तिथे धागे कमी होते खरे, पण संचालक म्हणाले की तिथे कसर लागली असेल, आणि तज्ज्ञांनी मान डोलावली. शेवटी थोरल्या तज्ज्ञाने पाठ सरळ केली.

"रफू नाही. असा रफू करणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

याहून मोठी शाबासकी कुणा रफूवाल्याला आजवर मिळाली नसेल, आणि ती तिला पोचवणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. नणंदेचे डोळे भरून आले. रफूवालीला क्षणभर वाटलं, पुरे झालं, इथूनच परत जावं.

संचालक तिच्याजवळ आले. तिच्या कानाशी वाकून अगदी मायेने म्हणाले, "मावशी, जाऊ द्या. जागा दाखवलीत तर तुमच्याच कामाची अब्रू जाईल. मला ठाऊक आहे तुम्ही दाखवणार नाही." याला मामंजींचं बोलणं माहीत होतं. तळघरात ती स्वतःच ते कौतुकाने सांगायची. तेच आता तो तिच्या तोंडात बोळा म्हणून कोंबत होता. मग सरळ उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाईंचं वय झालं आहे. नीट आठवत नाही, कुठलं तरी काम कुठे तरी केलं असेल. असलं काम यांच्या हातून होणं शक्य तरी आहे का?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. तीस वर्षांचा तो राग सगळाच्या सगळा रफूवालीच्या बोटांत येऊन बसला. आता तिला त्याची कबुली नको होती. त्याच्याकडे जे होतं ते काढून घ्यायचं होतं.

"बाई," ती अध्यक्षबाईंना म्हणाली, "मला एकदा हात लावू द्या."

संचालकांनी पांढरे हातमोजे पुढे केले. "ते घालून मला कळणार नाही," ती म्हणाली. अध्यक्षबाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं, धुऊन येऊ द्या म्हणाल्या, आणि परवानगी दिली.

तिने गळपट्टीतून उजवा हात झग्याच्या आत सरकवला, अस्तर नसलेल्या उलट्या बाजूवर. चार बोटं मोजून खाली आली. वरून कापड तळ्यासारखं सपाट होतं, पण आत धाग्यांची कापलेली टोकं निजलेली होती, केसाच्या अग्राएवढी. भिंगाला ती सापडली नाहीत, कारण ती कापडाच्या विणीतच निजवलेली होती. तिच्या बोटांना सापडली. एक्केचाळीस दिवस एकदम हाताला लागले.

रफू घालणाऱ्याला तो काढताही आला पाहिजे, असा त्यांच्या घरचा दंडक होता. गिऱ्हाइकाचं मन फिरलं तर कापड न दुखावता त्याचं त्याला परत देता यावं, म्हणून शेवटचा धागा अडकवायचा नाही, नुसता दाबून बसवायचा. तो कुठे आहे ते फक्त ज्याचं त्याला माहीत. रफूवालीने नखाने त्याचं टोक उचललं आणि हलक्या हाताने ओढायला सुरुवात केली.

कुणाला काही कळलं नाही. म्हातारी चाचपतेय असंच सगळ्यांना वाटत होतं. संचालक तर घड्याळ बघत होते. पहिला धागा निघाला, मग त्याच्या आधाराचा दुसरा, मग तिसरा, आणि मग ते ढिले होऊन चिमटी-चिमटीने येऊ लागले. फक्त नणंद, जी रफूवाल्याची लेक होती, वहिनीचा खांदा हलताना बघून समजली. तिने तोंडावर हात दाबला. "वहिनी, नको गं," ती पुटपुटली. रफूवालीने ऐकलं, आणि हात थांबवला नाही.

झग्याच्या पाठीवर आधी एक बारीक रेघ उमटली. मग ती रुंदावली, आणि बघता बघता निळ्या रेशमातून तिची बोटं डोकावू लागली.

"धरा! अहो, धरा तिला!" संचालक किंचाळले. "फाडला तिने! झगा फाडला!"

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि सवयीने सगळे थांबले. त्यांनी तज्ज्ञाचं भिंग घेऊन स्वतः वाकून पाहिलं. भोकाच्या कडा फाटलेल्या नव्हत्या. त्या कडांना अर्धगोल तपकिरी डाग होता, भाजल्याचा, कशाच्या तरी गोल तोंडाने एका फटक्यात भाजल्याचा. एकही मूळचा धागा तुटला नव्हता.

"साहेब, मघाशी आपण म्हणालात की इथे कधी काही काम झालं नाही."

अध्यक्षबाईंनी भिंग त्या डागावरच धरून ठेवलं.

"मग या बाईंनी काढलं काय?"

रफूवालीने हात बाहेर काढला. मुठीत काळ्यानिळ्या धाग्यांचा गुंता होता. तिने तो टेबलावर, संचालकांच्या पुढ्यात ठेवला. "धागे तुमचे. ते ठेवा. हात माझा होता, तो मी नेते. आता यांना दाखवा तुमचं जे आहे ते, आणि लावा त्याला तिकीट."

आणि ती खरोखर हसली. इतकं गोड तिला बऱ्याच वर्षांत काही लागलं नव्हतं.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं. दालनाला कुलूप लागलं. पाटीवरचा शब्द अध्यक्षबाईंनी पाळायला लावला, आणि तिकिटाचे पैसे परत घेणाऱ्यांची रांग कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेली. तिच्यात वर्षाच्या कार्डवाले फारसे नव्हते, बहुतेक सगळे कधीतरी येणारेच होते. नणंद दोघींचे पैसे घ्यायला सकाळी सातला जाऊन उभी राहिली, आणि बारा वाजता परत आली ती जिंकून आल्यासारखी. संचालकांना कामावरून दूर करून चौकशी बसली.

तीन आठवड्यांनी एका दुपारी संचालक स्वतः दोन जिने चढून त्यांच्या खोलीत आले. हातात एक चपटी पेटी होती. नणंदेने त्यांना बसा म्हटलं नाही. ते उभेच राहिले.

"ताई," ते म्हणाले. तीस वर्षांनी मावशीची पुन्हा ताई झाली होती. "सगळं मी लेखी कबूल केलं आहे. दिवा, तळघर, तुमचं नाव, सगळं. नोंदवहीत लिहिलं आहे. विश्वस्त म्हणतात, झगा पूर्ववत झाला तर मला निवृत्त होऊ देतील. नाही तर बडतर्फ करतील, आणि फौजदारीही होईल. ताई, तज्ज्ञांनी चार ठिकाणी विचारलं. सगळे म्हणाले, ज्यांनी पहिल्यांदा केला त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही." त्यांनी पेटी उघडून तिच्या मांडीवर ठेवली. "धागे सगळे आहेत. एकही हरवला नाही."

रफूवालीने पेटीत बोटं घातली. कुणीतरी धागे सोडवून लांबीप्रमाणे लावले होते. तिने एक उचलला, डोळ्यांपुढे धरला. तिला तिची स्वतःची बोटं दिसली, अंधूक, आणि बोटांमध्ये काहीच दिसलं नाही. उसवायला बोटं पुरतात. विणायला डोळे लागतात, आणि ते त्याच झग्यात गेले होते.

"अहो, पण हिला आता—" नणंदेच्या तोंडून निघालं.

"वन्सं!" रफूवाली म्हणाली.

"माझं चुकलं, ताई. मी पाया पडतो. तुम्ही मनात आणलंत तर होईल."

"होईल की," रफूवाली म्हणाली. "एक्केचाळीस दिवसही नकोत आता. हात बसलाय. महिन्याभरात करीन, आणि तुमच्या त्या तज्ज्ञाला पुन्हा सापडणार नाही." तिने धागा पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि पेटी त्यांच्या दिशेने धरली. "पण करणार नाही."

ते रडवेल्या आवाजात आणखी काही बोलले, आणि मग पेटी घेऊन गेले. जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली. रफूवाली कान देऊन ती ऐकत राहिली.

"सांगायचंस की गं दिसत नाही म्हणून," नणंद म्हणाली. "मरेपर्यंत झुरेल तो."

"झुरू दे."

"आणि तू?"

रफूवालीने डोळे पुसले. तिच्या हातचं जगात उरलं होतं ते एवढंच, बाकीचे कोट आणि शाली कधीच झिजून फाटून गेल्या होत्या, आणि तेही तिने स्वतःच्या नखाने उसवलं होतं. ते पुन्हा कधी व्हायचं नव्हतं. तिला हे माहीत होतं, नणंदेला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. जिन्यावरून उतरून गेलेल्या त्या एका माणसाला तेवढं माहीत नव्हतं. ही बाई मनात आणलं तर अजूनही करू शकते, असं मानणारा जगात आता तो एकटाच उरला होता, आणि म्हणून तिने त्याला तसाच जाऊ दिला.